पक्षी, टेलिफोटो लेन्स आणि स्थिर हात : प्रस्तावना

माणसाला किती जवळ येऊ द्यायचे हे रानातला पक्षी स्वतः ठरवतो. पक्षिछायाचित्रणाची सारी साधने आणि बहुतेक अडचणी या अंतरातून निर्माण झाल्या आहेत. चिमणी साधारण १५ सेंटिमीटर लांब असते. ती दहा मीटरवर बसली असेल आणि फुलफ्रेम कॅमेऱ्यावर ५० मिलिमीटरची नेहमीची लेन्स असेल, तर चौकटीत ७.२ मीटर रुंदीचा देखावा मावतो आणि चिमणीचा त्यात केवळ ठिपका उमटतो. त्याच जागेवरून ५०० मिलिमीटरची लेन्स लावली, की चौकटीची रुंदी ७२ सेंटिमीटरवर येते आणि चिमणी तिचा पाचवा हिस्सा व्यापते. डोळा, चोच, पंखांवरच्या पिसांच्या कडा स्पष्ट होतात. पक्ष्यांसाठी ४०० ते ६०० मिलिमीटरच्या टेलिफोटो लेन्स वापरल्या जातात त्या यामुळेच.

अशी लांब लेन्स ट्रायपॉडवर न ठेवता हातात धरून छायाचित्र घेणे याला छायाचित्रकार ‘हँडहेल्ड’ म्हणतात. ट्रायपॉड कॅमेरा स्थिर ठेवतो, पण तो मांडायला वेळ लागतो आणि त्याच्या जागेशी छायाचित्रकार बांधला जातो. पक्षी डोक्यावरून जातो, झुडपातून क्षणभर बाहेर येतो, पाण्यावरून वळण घेऊन मागच्या बाजूला निसटतो. अशा वेळी शरीरासोबत वळणारा, एका सेकंदात डोळ्यापाशी येणारा कॅमेराच कामाचा ठरतो. या मोकळेपणाची किंमत स्थिरतेत मोजावी लागते. लेन्स जितकी लांब, तितका पक्षी मोठा दिसतो आणि तितकाच हाताचा कंपही मोठा होतो. ही स्थिरता परत कशी मिळवायची, हा हँडहेल्ड पक्षिछायाचित्रणाचा गाभा आहे.

पहिली अनेक दशके हा पर्याय उपलब्धच नव्हता. इंग्लंडमधील रिचर्ड आणि चेरी किअर्टन या भावांनी १८९५मध्ये पक्ष्यांच्या घरट्यांवरील आपले पुस्तक निसर्गात टिपलेल्या छायाचित्रांनी सजवले. त्या काळचे कॅमेरे अवजड होते आणि काचेच्या प्लेट प्रकाशाला फारशा संवेदनशील नव्हत्या. पक्षी ठरलेल्या जागी परत येईल याची खात्री फक्त घरट्यापाशी असे. म्हणून आडोशात लपून घरट्याजवळ तासन्‌तास बसणे हीच छायाचित्रणाची रीत झाली. किअर्टन बंधूंनी तर बैलाचे पोकळ सोंग करून त्यात कॅमेरा लपवला होता. भारतातही सुरुवातीचे मोलाचे काम याच पद्धतीने झाले. ई. एच. एन. लोथर यांचे ‘अ बर्ड फोटोग्राफर इन इंडिया’ हे पुस्तक १९४९मध्ये आले. पक्षिशास्त्रज्ञ सालिम अलींचे स्नेही आणि सिंगापूरचे चित्रपट-व्यावसायिक लोक वान थो यांनी त्यांच्यासोबत भारतात पक्षी टिपले. लोक वान थो यांचे ‘अ कंपनी ऑफ बर्ड्‌स’ १९५७मध्ये प्रकाशित झाले.

पुढे ३५ मिलिमीटरच्या एसएलआर कॅमेऱ्यांमुळे साधने हातात मावू लागली. नोव्होफ्लेक्स या जर्मन कंपनीने पिस्तुलासारखी मूठ असलेल्या लेन्स बनवल्या; मूठ दाबली की फोकस सरके, त्यामुळे उडत्या पक्ष्याचा माग काढणे जमू लागले. तरीही रंगीत फिल्मची मर्यादा उरलीच. कोडाक्रोम ६४ सारख्या फिल्मची संवेदनशीलता आजच्या आयएसओ ६४ इतकीच होती. सकाळच्या कोवळ्या उन्हात, म्हणजे पक्षी सर्वांत चपळ असतात त्या वेळी, ती लांब लेन्सला पुरेसा वेगवान शटर देऊ शकत नसे.

तीन सुधारणांनी हे चित्र बदलले. पहिली स्वयंचलित फोकसची. दुसरी लेन्समधील स्थिरीकरणाची. कॅननने १९९५मध्ये ७५-३०० मिलिमीटरच्या झूम लेन्समध्ये प्रथमच ‘इमेज स्टॅबिलायझर’ बसवला, आणि तीनच वर्षांनी १००-४०० मिलिमीटरची स्थिरीकृत लेन्स पक्षिछायाचित्रकारांच्या हाती आली. तिसरी सुधारणा डिजिटल सेन्सरची. फिल्मच्या रोलवर एकच संवेदनशीलता असे; डिजिटलमध्ये ती दर छायाचित्रागणिक बदलता येते, आणि आयएसओ १६०० किंवा ३२०० वर काढलेले छायाचित्र आज सहज छापता येते. त्यानंतर वजन घटत गेले. कॅननची स्थिरीकरण असलेली ६०० मिलिमीटर एफ/४ लेन्स १९९९मध्ये सुमारे ५.४ किलोची होती; २०१८मधील तिची तिसरी आवृत्ती ३.०५ किलोवर आली. त्याच वर्षी निकॉनने १.४६ किलोची ५०० मिलिमीटर एफ/५.६ लेन्स आणली. तिच्यात जाड काचेच्या जागी बारीक वर्तुळाकार कडांचे फ्रेनेल प्रकारचे भिंग आहे. दीपगृहांसाठी एकोणिसाव्या शतकात विकसित झालेली ही कल्पना आहे. २०२०नंतरच्या मिररलेस कॅमेऱ्यांत पक्ष्याचा डोळा ओळखून त्यावर फोकस धरून ठेवण्याची सोय आली. या सगळ्यामुळे एकेकाळी मोजक्या लोकांपुरते असलेले काम सर्वांच्या आवाक्यात आले आहे.

हाताच्या कंपाचा हिशेब जुना आणि सोपा आहे. लेन्सची लांबी जितके मिलिमीटर, निदान तितक्या अंशाचा शटर स्पीड हवा: ४०० मिलिमीटरला १/४०० सेकंद, ६०० मिलिमीटरला १/६०० सेकंद. लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर चौकट अरुंद होते, म्हणून १.५ पट क्रॉप असेल तर ४०० मिलिमीटरलाही १/६०० सेकंद धरावा लागतो. सेन्सरवरील पिक्सेल जितके दाट, तितका थोडासा कंपही उघडा पडतो. त्यामुळे अधिक मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यावर या नियमापेक्षा एक पायरी वर, म्हणजे दुप्पट वेगावर, राहणे हिताचे. स्थिरीकरण या हिशेबात सूट देते. चार पायऱ्यांचे स्थिरीकरण म्हणजे १/५०० ऐवजी १/३० सेकंदालाही हाताचा कंप आवरला जाणे. झाडावर निश्चल बसलेल्या घुबडासाठी, किंवा सह्याद्रीतल्या दाट सावलीत फांदीवर विसावलेल्या कर्ण्यासाठी ही सूट अमूल्य आहे.

मात्र स्थिरीकरण हात थांबवते, पक्ष्याला थांबवत नाही. सेकंदाला दहा मीटर, म्हणजे ताशी ३६ किलोमीटर वेगाने जाणारा पक्षी १/५०० सेकंदात दोन सेंटिमीटर पुढे सरकतो आणि १/२००० सेकंदात पाच मिलिमीटर. कॅमेरा त्याच्या बरोबरीने फिरवला, ज्याला पॅनिंग म्हणतात, तर धडाची ही हालचाल बरीचशी भरून निघते. पंखांची फडफड तेवढी उरते. म्हणून बगळा किंवा घार यांसारख्या संथ पंखांच्या पक्ष्यांना १/१२५० ते १/१६०० पुरतो, तर भिंगरी, वेडा राघू, खंड्या यांना १/२५०० किंवा १/३२०० लागतो. बसलेला पक्षीही पूर्ण स्थिर नसतोच. दयाळ शेपूट उडवतो, सूर्यपक्षी फुलावर अंग फिरवतो, मान तर प्रत्येकाची सतत वळत असते. अशांसाठी १/५०० ते १/१००० हा सुरक्षित पट्टा आहे. कॅननची ४०० मिलिमीटर एफ/५.६ ही १९९३ची, सव्वा किलोची लेन्स स्थिरीकरण नसूनही उडत्या पक्ष्यांच्या छायाचित्रकारांची वर्षानुवर्षे आवडती राहिली, ती हलकेपणा आणि चपळ फोकस यांमुळे.

वेगवान शटरसाठी प्रकाश लागतो, आणि तो अ‍ॅपर्चर किंवा आयएसओमधूनच मिळवता येतो. लांब लेन्समध्ये अ‍ॅपर्चर उघडे ठेवले की फोकसची खोली फार कमी उरते. ५०० मिलिमीटर, एफ/५.६ आणि दहा मीटर अंतर या मांडणीत फुलफ्रेमवर ती जेमतेम १३ सेंटिमीटर असते. कॅमेऱ्याकडे तोंड करून बसलेल्या पक्ष्याचा डोळा नेटका आला, तरी शेपूट धूसर होऊ शकते. म्हणून फोकस नेहमी डोळ्यावर धरायचा, आणि पक्षी बाजूने दिसत असेल तर त्याचे अंग सेन्सरला समांतर येण्याची वाट पाहायची. आयएसओला घाबरण्याचे कारण नाही. छायाचित्रातला दाणेदारपणा नंतर सॉफ्टवेअरने कमी करता येतो, हललेले छायाचित्र मात्र सावरता येत नाही. लेन्सची लांबी वाढवणाऱ्या टेलिकन्व्हर्टरचा मोह आवरावा; १.४ पटीचा कन्व्हर्टर एक पायरी आणि दोन पटीचा दोन पायऱ्या प्रकाश खातो. दूरच्या पक्ष्यासमोर तर कोणतीच काच कामाला येत नाही. उन्हाळ्यात तापलेल्या माळावर किंवा धरणाच्या सुकलेल्या काठावर हवा लहरू लागली, की पन्नास-साठ मीटरवरचा पक्षीही वितळल्यासारखा येतो. त्यावर इलाज एकच: सूर्योदयानंतरचे पहिले दोन तास.

कॅमेरा कसा धरला जातो यावर यापुढचे सारे अवलंबून असते. वजन डाव्या हातावर येते. हा तळवा लेन्सच्या खाली, शक्य तितका पुढे असावा आणि उजव्या हाताला केवळ शटर व बटणे सांभाळायला मोकळे ठेवावे. दोन्ही कोपरे बरगड्यांना टेकलेली, डावा पाय अर्धे पाऊल पुढे, गुडघे किंचित सैल, व्ह्यूफाइंडर भुवईला घट्ट लागलेला. अशा रीतीने हात, छाती आणि कपाळ मिळून आधार तयार होतो. लेन्सचा ट्रायपॉड-पाय वर फिरवून ठेवला तर तळव्याला सपाट जागा मिळते. बटण दाबताना श्वास अर्धा सोडून क्षणभर थांबायचे आणि बोटाचा धक्का न देता ते हळूच दाबायचे. पाणथळ पक्ष्यांसाठी जमिनीवर बसून कोपरे गुडघ्यांवर टेकवावीत किंवा पालथे पडावे. त्याने कंप तर घटतोच, शिवाय पक्ष्याच्या डोळ्याच्या पातळीवरून छायाचित्र मिळते. झाडाचे खोड, दगडी बांध, गाडीच्या खिडकीवरची बीनबॅग हे सगळे आधार हँडहेल्ड पद्धतीत चालतात.

लेन्स निवडताना वजनाबरोबर तोलही पाहावा. पुढे जड असलेली लेन्स मनगट थकवते. तेच वजन कॅमेऱ्याजवळ आणलेली लेन्स जास्त वेळ पेलता येते. सिग्मा, टॅमरॉन, निकॉन आणि सोनी यांच्या ६०० मिलिमीटरपर्यंत जाणाऱ्या लोकप्रिय झूम लेन्स दोन किलोच्या आसपास आहेत. दुकानात पाच मिनिटे हातात धरून अंदाज येत नाही. लेन्स डोळ्याला लावून पक्षी टप्प्यात येण्याची एक-दोन मिनिटे वाट पाहता आली, आणि दिवसभरात तसे पुन्हा पुन्हा करता आले, तर ती त्या माणसाला योग्य. थकलेला हात थरथरतो, आणि तो थरथराट कोणतेही स्थिरीकरण पूर्ण शोषून घेत नाही.

नवख्याला सर्वांत अवघड जाते ते पक्षी चौकटीत सापडणे. ६०० मिलिमीटरच्या लेन्सचा दृष्टिकोन फक्त चार अंशांच्या आसपास असतो. आभाळातला पक्षी त्यात शोधणे सरावाशिवाय जमत नाही. नजर पक्ष्यावरून न हलवता कॅमेरा वर आणून डोळ्याला लावण्याची सवय करावी. झूम असेल तर आधी २०० मिलिमीटरवर पक्षी पकडून मग पुढे जावे. फोकस आधीच साधारण त्या अंतरावर आणून ठेवला, आणि लेन्सवरचा लिमिटर दूरच्या टप्प्यावर लावला, तर फोकस जवळच्या गवतात अडकत नाही. फोकसचे काम शटरच्या बटणावरून काढून मागच्या बटणाला दिले, की बसलेल्या आणि उडालेल्या पक्ष्यासाठी सेटिंग बदलण्याची गरज उरत नाही. डोळा ओळखणारी यंत्रणा मोकळ्या आभाळात उत्तम चालते. काटक्यांच्या जाळीतल्या पक्ष्यासाठी अजूनही एकच फोकस बिंदू अधिक भरवशाचा आहे. आवाज न करणारा इलेक्ट्रॉनिक शटर पक्ष्याला दचकवत नाही, पण काही कॅमेऱ्यांत तो सेन्सर हळू वाचत असल्याने वेगवान पंख वाकडे दिसतात.

एक्स्पोजरमध्ये कॅमेऱ्याचा मीटर दोन टोकांना हमखास चुकतो. गडद पाण्यासमोरचा पांढरा बगळा तो जळका करतो, उजळ आभाळासमोरच्या कोतवालाला काळी आकृती बनवतो. बगळ्यासाठी एक्स्पोजर एक पायरी कमी आणि आभाळातल्या कोतवालासाठी एक ते दीड पायरी जास्त, ही सुरुवात म्हणून धरावी. पांढऱ्या पिसांचा तपशील एकदा गेला की परत मिळत नाही, म्हणून शंका असेल तेव्हा पांढऱ्याच्या बाजूने निर्णय घ्यावा.

महाराष्ट्रात या पद्धतीची खरी कसोटी पाहायची तर उजनी जलाशयाच्या काठचे भिगवण. भीमेवरील या धरणाच्या फुगवट्यात हिवाळ्यात रोहित, पट्टकादंब, बदके आणि सुरय जमतात, आणि ते स्थानिक नावाड्यांच्या होडीतून पाहिले जातात. होडी डुलते, माणसे हलली की कलते. ट्रायपॉड लावला तर होडीचा प्रत्येक हेलकावा थेट कॅमेऱ्यात उतरतो. हातात धरलेला कॅमेरा मात्र कमरेच्या हालचालीने तो हेलकावा झेलतो. तेथे कवड्या खंड्या शिकार करताना हँडहेल्डचे सगळे धडे एका प्रसंगात सापडतात. पाण्यापासून काही मीटर उंचीवर तो एका जागी पंख फडफडवत थांबतो. धड जवळजवळ स्थिर, मान खाली, चोच सरळ पाण्याकडे. या काही क्षणांत फोकस डोळ्यावर बसवायचा, शटर १/२५०० च्या वर आहे ना हे पाहायचे आणि चौकटीत खाली जागा सोडायची. पुढच्याच क्षणी तो पंख मिटून कोसळतो. सूर मारल्यावर त्याच्या मागे धावणारी लेन्स बहुतेकदा रिकाम्या पाण्यावर थांबते. सूर मारण्याआधीच त्याची जागा हेरलेली लेन्स शिडकाव्यातून वर येणारा पक्षी आणि चोचीतला मासा टिपते.

पक्ष्याचे वागणे कळले की अशी आगाऊ तयारी करता येते. पक्षी शक्यतो वाऱ्याकडे तोंड करून उडतो आणि तसाच उतरतो. वारा आणि सूर्य दोन्ही छायाचित्रकाराच्या पाठीशी असतील, तर पक्षी प्रकाशात समोरून येतो. शिकारी पक्षी उडण्याआधी अनेकदा विष्ठा टाकतो, अंग पुढे झुकवतो. वेडा राघू कीटक पकडून पुष्कळदा त्याच फांदीवर परततो. पहिली झेप चुकली तरी दुसरी मिळते. कापशी घार माळावर एका जागी पंख मारत थांबते आणि टप्प्याटप्प्याने खाली येते. या खुणा वाचायला शिकलेल्या माणसाला जुन्या कॅमेऱ्यावरही छायाचित्र मिळते.

ट्रायपॉडची जागा यामुळे संपत नाही. आडोशातून पाणवठ्यावर तासन्‌तास वाट पाहणे, तीन किलोहून जड लेन्स, संधिप्रकाशातले घुबड, चलच्चित्रण या कामांना तोच हवा. मोनोपॉड हा मधला मार्ग आहे. कोणते साधन केव्हा, हे जागा आणि पक्षी पाहून ठरवावे.

हलकी साधने आणि वाढती गर्दी यांनी एक मोठी जबाबदारीही आणली आहे. ट्रायपॉड नसलेला छायाचित्रकार सहज पुढे सरकू शकतो, आणि पुढे सरकण्याचा मोह दर पावलाला असतो. पक्षी खाणे थांबवून मान ताठ करतो, एका जागी थिजतो, पुन्हा पुन्हा ओरडतो किंवा जागा बदलतो, तेव्हा अंतराची हद्द ओलांडली गेलेली असते. टिटवी जमिनीवर उघड्यावर अंडी घालते. ती डोक्यावर आरडत घिरट्या घालू लागली की जवळच घरटे आहे असे समजून आल्या वाटेने मागे फिरावे. भर उन्हात ती अंड्यांवरून दूर राहिली, तर अंडी तापून मरतात. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मधील ‘शिकार’ या शब्दाच्या व्याख्येत पक्ष्यांची अंडी किंवा घरटी यांना त्रास देणेही येते, हे प्रत्येक छायाचित्रकाराला ठाऊक हवे. जुन्या काळी नाइलाजाने रूढ झालेली घरट्यावरची छायाचित्रे आज टाळावीत. त्यांची गरज उरलेली नाही. मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बाहेर बोलावणे, रोहितांचा थवा उठवण्यासाठी होडी आत घालायला लावणे, घुबडावर रात्री फ्लॅश मारणे, दुर्मीळ पक्ष्याची नेमकी जागा जाहीर करणे हे सगळेही टाळावे. उठलेल्या थव्यातला प्रत्येक स्थलांतरित पक्षी लांबच्या प्रवासासाठी साठवलेली चरबी त्या उड्डाणात खर्च करतो.

नीट घेतलेल्या छायाचित्राचे मोल सौंदर्यापलीकडेही आहे. रानपिंगळ्याची नोंद १८७३मध्ये विज्ञानात झाली आणि नंतर तो शतकाहून अधिक काळ हरवलेला मानला गेला. १९९७मध्ये तो आजच्या नंदुरबार जिल्ह्यात शहाद्याजवळ पुन्हा सापडला. नेहमीच्या पिंगळ्याच्या डोक्यावर ठळक ठिपके असतात, रानपिंगळ्याचे डोके जवळजवळ बिनठिपक्यांचे असते. असा फरक दुरून डोळ्यांना निसटतो आणि टेलिफोटोच्या छायाचित्रात पक्का होतो. किनाऱ्यावरचे एकमेकांसारखे दिसणारे चिखलपक्षी, पिसे बदलणारे गरुड, पायात कडे घातलेले स्थलांतरित पक्षी यांच्या नोंदी अशा छायाचित्रांवर तपासल्या जातात. ईबर्डसारख्या नोंदसंग्रहांत दिनांक आणि स्थळासह दिलेले छायाचित्र दुर्मीळ नोंदीचा सर्वांत भक्कम पुरावा ठरते.

या वाटेने जाऊ पाहणाऱ्याने सुरुवात घराजवळून करावी. गच्चीवरची घार, विजेच्या तारेवरचा कोतवाल, गुरांमागे चालणारा गायबगळा हे रोज भेटणारे आणि चुका माफ करणारे शिक्षक आहेत. त्यांच्यावर पकड, पॅनिंग आणि एक्स्पोजर पक्के झाल्यावरच दूरच्या पाणथळींचा आणि अभयारण्यांचा विचार करावा, आणि तेथे परवानगी व नियम पाळून जावे. टेलिफोटो लेन्सचा सर्वांत मोठा गुण असा, की ती माणसाला दूर उभे राहून जवळून पाहू देते. पक्षी आपले काम करत राहिला आणि तरीही छायाचित्र नेटके आले, तर ते चांगले छायाचित्र. पक्षी उठून गेला असेल, तर ते कितीही देखणे असले तरी चुकलेलेच समजावे.